डुलकी फुटबॉल क्लबाचे मेहुणे

मेहुण्यांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं म्हणून त्यांना क्लबाचे व्यवस्थापक केलं, असं लोक म्हणतात ते खरं नाही. ते रिकामे होते म्हणून केलं. फुटबॉल न कळणं ही त्यांची जादा पात्रता होती आणि ती नंतर उघडकीला आली.

रिकामे म्हणजे अगदी हातावर हात धरून बसलेले, असंही नाही. आधी त्यांनी फोटोंच्या चौकटी विकून पाहिल्या, मग मासे ठेवायच्या काचेच्या पेट्या, मग भाड्याच्या सायकली. चौकटी तशाच राहिल्या, मासे मेले आणि सायकली भाड्याने गेल्या त्या गेल्याच. शेवटी सख्ख्या बहिणीने, म्हणजे ताईने, त्यांना आपल्या बंगल्यात गच्चीवरच्या खोलीत आणून ठेवलं. ताईचा नवरा गाद्यांचा कारखानदार. त्याची 'डुलकी' नावाची गादी त्या भागातल्या निम्म्या घरांत होती, आणि उरलेल्या निम्म्या घरांत ती का नाही, या विचाराने त्याची स्वतःची झोप उडालेली असे. मेहुणे त्याला भाऊजी म्हणत. भाऊजी रोज जेवताना मेहुण्यांकडे अशा नजरेने बघत, की जणू गिऱ्हाइकाने परत केलेला माल समोर बसून दुसऱ्यांदा वाढून घेतोय.

एकदा भाऊजी धंद्याच्या कामाने राजधानीला गेले. तिथे एका उशांच्या कारखानदाराने त्यांना फुटबॉलची मॅच बघायला नेलं. क्लब त्या उशीवाल्याच्याच मालकीचा होता. काचेच्या खोलीत सोफे, समोर हिरवं मैदान, आणि दर थोड्या वेळाने कॅमेरा खेळ सोडून उशीवाल्याच्या तोंडाकडे वळायचा. मॅच कोण जिंकलं ते भाऊजींना शेवटपर्यंत समजलं नाही, पण उशीवाल्याचं तोंड किती वेळा दिसलं ते त्यांनी नीट लक्षात ठेवलं.

"आपण फुटबॉलचा क्लब काढतोय," घरी आल्या आल्या त्यांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. "साधासुधा नाही, व्यावसायिक. दुसऱ्या श्रेणीत एक जागा रिकामी आहे. मी बोलून आलोय."

"अहो, तुम्ही जन्मात कधी चेंडूला पाय लावलाय का?" ताई म्हणाली.

"उशीवाल्याने लावलाय? त्याचं पोट बघितलंस?"

"आणि चालवणार कोण?"

भाऊजींनी मान वळवली. मेहुणे भाताचा डाव हातात घेऊन बसले होते. तो डाव त्यांनी हळूच खाली ठेवला, पण तोवर उशीर झाला होता.

आता नावाचा प्रश्न आला. भाऊजींचा कारखाना नदीकाठी होता. नदीच्या एका अंगाला वरचं गाव, दुसऱ्या अंगाला खालचं गाव आणि मधे एक पूल. दोन्ही गावं मिळून एक बऱ्यापैकी शहर झालं असतं, पण मिळून काही करायचं म्हटलं की दोन्ही गावांच्या अंगावर काटा यायचा. क्लब मात्र दोघांचा मिळून असणार होता, कारण मैदान एकच होतं. वरच्या गावाचं नाव दिलं तर खालचे तिकीट काढणार नाहीत, खालच्या गावाचं दिलं तर वरचे मैदानाला आग लावतील. भाऊजींनी मोठ्या मनाने तोडगा काढला.

"कुणाचंच नको," ते म्हणाले. "माझं द्या."

अशा रीतीने 'डुलकी फुटबॉल क्लब' जन्माला आला. जगात क्लबांना वाघ, सिंह, वीज, वादळ अशी नावं असतात. आपला क्लब मैदानात उतरायच्या आधीच पेंगत होता. बोधचिन्हावर सिंह हवाच असा भाऊजींचा आग्रह. ते काम त्यांनी कारखान्याच्या ट्रकवर चित्रं काढणाऱ्या पेंटरला दिलं. पेंटरने सगळी हयात ट्रकवर झोपलेलं बाळ काढण्यात घालवलेली. त्याने सिंह झकास काढला, फक्त सवयीने त्याचे डोळे मिटलेले काढले आणि ओठांवर थोडं हसू ठेवलं. खेळाडूंचे सदरे गादीच्या खोळीसारखे निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. संघ रांगेत उभा राहिला की लांबून वाटे, कुणीतरी गाद्या उन्हात घातल्यात.

प्रशिक्षक शोधायचं काम मेहुण्यांवर आलं. अर्ज बरेच आले. मेहुण्यांनी त्यातल्या एकालाच बोलावलं, कारण बाकीच्यांनी अर्जात फुटबॉलबद्दल लिहिलं होतं आणि ते मेहुण्यांना वाचवत नव्हतं. हा गृहस्थ एकेकाळी देशाच्या संघातून खेळलेला. मग गुडघा गेला. मग तो प्रशिक्षक झाला आणि तीन-चार क्लबांनी त्याला काढलं, कारण मालकाने "आपण का हरलो?" असं विचारलं की तो खरं उत्तर द्यायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तरांच्या तोंडात कायम एक आगकाडी असे, आणि बोलायची वेळ आली की ते ती काढून हातात धरत. ती फारशी बाहेर निघत नसे.

"क्लबाचं नाव ऐकून तुम्हाला काही वाटलं नाही?" मेहुण्यांनी त्यांना विचारलं.

मास्तरांनी आगकाडी काढली. "वाटलं," म्हणाले आणि परत तोंडात घातली.

बाकी संघ दोन्ही गावांतून निम्मानिम्मा घेतला. गोलरक्षक लांबून आणला होता. त्याचं खरं नाव फक्त त्याच्या आईला आठवत असेल, कारण पहिल्या आठवड्यातच पोरांनी त्याला 'खिडकी' म्हणायला सुरुवात केली. कायम उघडी. आणि गोल करायला भाऊजींनी स्वतः एक माणूस निवडला. भाऊजी कॉलेजात होते तेव्हा या माणसाचं चित्र त्यांच्या खोलीच्या भिंतीवर होतं, यावरून वयाचा अंदाज यावा. त्याला सगळे पेन्शनर म्हणत. पेन्शनर अत्यंत गोड माणूस होता. धावत मात्र नसे. चेंडू आपल्याकडे येईल अशी त्याची श्रद्धा होती.

पहिल्या मॅचला भाऊजींनी डोकं लढवलं. येणाऱ्या प्रत्येक प्रेक्षकाला 'डुलकी'ची एक छोटी बसायची गादी फुकट. पायऱ्या सिमेंटच्या होत्या, लोक खूश झाले. दोन्ही गावं आली. वरचे उगवतीच्या बाजूला बसले, खालचे मावळतीच्या, आणि मधल्या पायऱ्या रिकाम्या. खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात मेहुण्यांनाही कळावी अशी एक गोष्ट दिसली. वरच्या गावचे खेळाडू चेंडू फक्त वरच्या गावच्याच खेळाडूंना देत होते. खालचे फक्त खालच्यांना. समोरचा संघ अकरा जणांनिशी खेळत होता आणि आपल्याकडून साडेचार-साडेचारचे दोन संघ एकमेकांविरुद्ध खेळत होते.

खिडकीतून चौथा चेंडू आत गेला तेव्हा मावळतीच्या पायऱ्यांवरून पहिली गादी मैदानात आली. मग उगवतीकडून दोन आल्या. मग पाऊसच. पंचांच्या डोक्यात एक बसली, ते मटकन खाली बसले, आणि जिथे बसले तिथे आधीच एक गादी पडलेली होती, हे त्यांचं नशीब. खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत मोठा फोटो: हिरव्या मैदानावर शेकडो गाद्या, प्रत्येकीवर ठसठशीत अक्षरांत 'डुलकी'.

मेहुणे गच्चीवरच्या खोलीत सामान बांधून बसले होते. खालून भाऊजींची हाक आली. मेहुणे जिना उतरले ते मान खाली घालूनच.

"शाबास!" भाऊजी म्हणाले. "सकाळपासून दुकानदारांचे फोन थांबत नाहीयेत. असंच चालू द्या."

तो पहिला हंगाम क्लबाने मालकाच्या आज्ञेत राहून काढला. जिथे जाईल तिथे हरला. परगावचे प्रेक्षक "डुलकी लागली, डुलकी लागली" असं अंगाईच्या चालीवर म्हणायचे आणि मोबाइलचे दिवे मंद हलवायचे. भाऊजींनी त्या गाण्याची जाहिरात करून घेतली. क्लब सगळ्यांच्या तळाला राहिला, पण तळाखाली आणखी श्रेणीच नसल्याने खाली घालवायला जागा नव्हती. सरकारी शाळेत पहिलीत नापास करत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

मेहुण्यांना मात्र त्या गाण्याचा त्रास व्हायला लागला होता. असा त्रास त्यांना मासे मेले तेव्हाही झाला नव्हता. कुठल्याशा परक्या गावात, परक्या लोकांनी, आपल्या पोरांना अंगाई म्हणावी? ते ताईकडे गेले.

"ताई, ऑफसाइड म्हणजे काय गं?"

ताईने आधीच नियमांचं पुस्तक मागवून पाठ केलं होतं. नवरा पैसे कशात घालतोय हे बघायची तिची जुनी सवय. तिने भावाला दाराशी नेलं आणि तिथल्या चपला ओळीने मांडल्या. नवऱ्याचे बूट गोलरक्षक, मोलकरणीच्या सपाता बचावपटू, आणि मेहुण्यांच्या झिजलेल्या सँडल म्हणजे पेन्शनर. मेहुणे उकिडवे बसून बघत राहिले. भाऊजी कारखान्याला निघाले तर दोघे बूट देईनात.

"थांबा हो जरा," ताई म्हणाली. "तुम्ही हललात तर गोल कायदेशीर होईल."

दुसऱ्या हंगामात संघ सुधारला. त्याचं श्रेय मास्तरांना आहेच, पण थोडं मेहुण्यांच्या अज्ञानालाही आहे. परगावी मुक्काम असला की एका खोलीत दोघे अशी व्यवस्था असे, आणि पहिल्या हंगामात वरचे वरच्यांबरोबर, खालचे खालच्यांबरोबर राहत. दुसऱ्या वेळी मेहुण्यांनी गावोगाव शाखा असलेलं नवीन हॉटेल शोधलं. तिथे प्रत्येक खोलीत एक खाट लांब होती आणि एक आखूड. मेहुण्यांनी सरळ उंचीप्रमाणे जोड्या लावल्या, एक उंच, एक बुटका. कोण कुठल्या गावचं याचा विचारही त्यांच्या मनाला शिवला नाही. वरच्या गावचे सगळे ताडमाड आणि खालच्या गावचे बहुतेक ठेंगणे, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

पहिल्या मुक्कामात पोरं एकमेकांशी बोलली नाहीत. दुसऱ्यात बोलली, पण फक्त मेहुण्यांबद्दल. कारण हॉटेल अत्यंत भिकार होतं. नळाला पाणी नाही, पंखा लावला की दिवा जातो, नाश्त्याला काल कापलेला पाव. पोरं वैतागून एकत्र जमायची आणि मेहुण्यांच्या नावाने खडे फोडायची. तिसऱ्या मुक्कामात दोन्ही गावांच्या पोरांनी मिळून मेहुण्यांविरुद्ध एक शिष्टमंडळ काढलं. मास्तर व्हरांड्यातून ते बघत होते.

"हॉटेल बदलू का?" शिष्टमंडळ गेल्यावर मेहुण्यांनी काकुळतीने विचारलं.

मास्तरांनी आगकाडी काढली. "खबरदार," म्हणाले.

त्या मॅचमध्ये वरच्या गावच्या उंच पोराने खालच्या गावच्या ठेंगण्याला पहिल्यांदा चेंडू दिला. दिला म्हणजे काय, दोघांनाही नंतर जरा लाजल्यासारखंच झालं. पण गोल झाला होता. मग पुढच्या मॅचला दोन झाले. खिडकीलाही हुरूप आला आणि तो अधूनमधून मिटायला लागला. पेन्शनर जिथे उभा असे तिथे चेंडू खरोखरच यायला लागला, आणि म्हाताऱ्याची श्रद्धा फळाला आली म्हणून सगळ्यांचे डोळे पाणावले. क्लब वर सरकत गेला. मधल्या रिकाम्या पायऱ्यांवर माणसं बसायला लागली. मेहुण्यांची भूक गेली. मॅचच्या आदल्या दिवशी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. भाऊजींना वाटलं, चला, क्लबाचा हाही एक फायदा.

आणि मग त्यांना तो नियम कळला.

पहिल्या श्रेणीत गेलेल्या क्लबाला कुठल्याही मालाचं, दुकानाचं किंवा कारखान्याचं नाव ठेवता येत नाही. गावाचं ठेवावं लागतं. फुटबॉल संघटनेच्या साहेबांनीच जेवायला आले असताना सहज सांगितलं. भाऊजींचा घास तोंडातच राहिला. म्हणजे क्लब जिंकला तर खर्च मोठा होणार, कॅमेरे मोठे येणार, देशभर दिसणार, आणि त्या सगळ्यात 'डुलकी' हा शब्द कुठेच नसणार!

दुसऱ्या दिवशी त्यांनी मेहुण्यांना कारखान्यातल्या केबिनमध्ये बोलावलं. बाहेर कापूस पिंजायची यंत्रं घरघरत होती. भाऊजींनी दार लावून घेतलं.

"बस," भाऊजी म्हणाले. "शेवटची मॅच राहिलीय ना?"

"हो. जिंकलो तर पहिले. मग वर."

"आणि नाही जिंकलो तर?"

"तर दुसरे. समोरचे वर."

"दुसरा क्रमांक," भाऊजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तसा फार सभ्य असतो. नाव होतं आणि डोळ्यांवर येत नाही. मला दुसरा क्रमांक आवडतो."

मेहुण्यांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते उभे राहिले, मग कशाला उभे राहिलो ते न कळून परत बसले.

"पोरांना हरायला सांगू?"

"हरा कोण म्हणतंय? फक्त जिंकू नका. बरोबरी करा. इतकी वर्षं माझ्या घरी राहतोस, तुला मी कधी काही मागितलंय?"

ते खरं होतं. तेच वाईट होतं.

मेहुणे मैदानावर गेले. मास्तर एकटेच गोलच्या जाळ्याला गाठी मारत होते.

"मास्तर, दुसरा क्रमांक कसा वाटतो तुम्हाला?"

"वाईट."

"सभ्य असतो म्हणतात."

मास्तरांनी आगकाडी काढली. "मालकांचा निरोप आहे का?"

मेहुण्यांनी मान हलवली.

"मग तुम्ही सांगा पोरांना. शनिवारी, कपडे बदलायच्या खोलीत. मी बाहेर उभा राहतो." आणि ते पुन्हा गाठी मारायला लागले. जरा वेळाने पाठमोरेच म्हणाले, "या आधी तीन मालकांनी मला फोनवर हेच सांगायला सांगितलंय. तुमच्या भाऊजींनी निदान माणूस तरी पाठवला."

शनिवारी मैदान फुलून गेलं होतं. दोन्ही गावं सरमिसळ बसली होती, कारण ओळीने बसायला जागाच उरली नव्हती. कपडे बदलायच्या खोलीत मलमाचा उग्र वास. पेन्शनर बाकावर बसून गुडघ्याला पट्टा गुंडाळत होता. खिडकी भिंतीला तोंड करून स्वतःशी काहीतरी पुटपुटत होता. मेहुणे आत आले आणि मास्तर बाहेर गेले. असं याआधी कधी झालं नव्हतं.

"भाऊजींचा निरोप आहे," मेहुणे म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

"काय म्हणतात मालक?" पेन्शनरने विचारलं. बिचारा किती आशेने बघत होता! एवढ्या वर्षांत त्याला कुणी पहिल्या श्रेणीचं स्वप्नसुद्धा उसनं दिलं नव्हतं. त्याच्या शेजारी तो ताडमाड पोरगा ठेंगण्याच्या बुटाची नाडी आवळून देत होता, कारण ठेंगण्याच्या बोटाला लागलं होतं.

मेहुण्यांनी घसा साफ केला. एकदा केला, परत केला.

"म्हणतात," ते म्हणाले, "ऊन आहे. पाणी भरपूर प्या."

खिडकी भिंतीकडून वळला.

"एवढंच?" खिडकी म्हणाला.

"एवढंच."

दाराबाहेर मास्तरांना ठसका लागला. आगकाडी घशात गेली की काय म्हणून मेहुणे धावले, तर मास्तर भिंतीला टेकून चक्क हसत होते.

मॅच काही बघण्यासारखी झाली नाही. दोन्ही संघ भेदरलेले. समोरच्यांना बरोबरी पुरे होती, त्यामुळे ते गोलसमोर भिंत बांधून उभे. काचेच्या खोलीत (भाऊजींनी तीही बांधून घेतली होती) भाऊजी निवांत बसले होते आणि दर वेळी चेंडू बाहेर गेला की समाधानाने मान हलवत होते. शेजारी ताई दुर्बीण लावून बसलेली.

संपायला थोडाच वेळ उरला होता. पेन्शनरच्या गुडघ्याचा पट्टा सुटला. तो गोलसमोरच्या गर्दीत, सगळ्यांच्या मधे, शांतपणे वाकला आणि पट्टा बांधायला लागला. तेवढ्यात ठेंगण्याने लांबून चेंडू मारला. तो जाणार होता झेंड्याच्या काठीकडे. वाटेत पेन्शनरचं बूड आलं. चेंडू तिथे आपटला, वळला, आणि गोलरक्षक दुसरीकडे झेपावलेला असताना अलगद जाळ्यात जाऊन बसला. पेन्शनर वाकलेलाच होता. लोकांनी त्याला उचललं तेव्हा त्याला कळलं की काहीतरी झालंय.

समोरचे ओरडायला लागले, ऑफसाइड, ऑफसाइड! रेषेवरचा पंच झेंडा अर्धवट वर करून गोंधळला. तेव्हा काचेच्या खोलीचं दार धाडकन उघडलं आणि ताई बाहेर आली.

"मुळीच नाही!" तिचा आवाज नदीपार गेला असेल. "त्यांचा तीन नंबरचा पेन्शनरच्याही मागे, खांबाला टेकून उभा होता! मी बघितलंय!"

रेषेवरच्या पंचाने तिच्याकडे बघितलं, दुर्बिणीकडे बघितलं आणि झेंडा खाली घेतला.

"अगं, तू कुणाच्या बाजूची आहेस?" भाऊजी आतून कुजबुजले.

"नियमाच्या," ताई म्हणाली. "आणि तुम्ही?"

त्याच क्षणी कॅमेरा वळला. भाऊजी उठले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तोच फोटो आला, मोठा. हसणारा माणूस इतका दुःखी असू शकतो, हे लोकांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं असेल. शेवटच्या मिनिटाला समोरच्यांचा एक जोरकस फटका आला, पण खिडकी त्या दिवशी कडी घालून बंद होता.

मेहुण्यांना खेळाडूंनी खांद्यावर घेतलं. हॉटेलबद्दलचा राग म्हणून मग दाणकन खालीही टाकलं. मेहुणे गवतावर बसून रडत होते. कुणी विचारलं तर म्हणत होते, कंबरेला लागलं.

रात्रीच्या जेवणाला भाऊजींनी क्लब बंद केल्याचं सांगितलं. मेहुण्यांना त्यांनी एक शब्दही विचारला नाही, ही शिक्षा जास्त होती.

"बंद कशाला?" ताई म्हणाली. "तुम्हाला नको तर गावांना द्या."

"घेऊ देत की! फुकट देतो. मैदान, सदरे, ते म्हातारं, सगळं. महिनाअखेरीच्या संध्याकाळी पाचच्या आत नवीन नाव नोंदवा म्हणावं, नाहीतर जागा गेली."

मेहुणे पानावरून उठले, हात धुतले आणि म्हणाले, "मी बघतो." या घरात त्यांनी हे वाक्य याआधी कधी उच्चारलं नव्हतं.

मग ते पुलावरून येरझाऱ्या घालायला लागले. वरच्या गावचे नगराध्यक्ष जाडे आणि हळवे होते, खालच्या गावच्या नगराध्यक्षीणबाई सडपातळ आणि खमक्या. दोघांनाही क्लब मनापासून हवा होता. खर्च निम्मानिम्मा, कबूल. मास्तर राहणार, कबूल. पेन्शनरला पुतळा, तेही कबूल. मेहुण्यांना स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. राहता राहिलं नाव.

नावासाठी बैठक ठरली. पण वरचे खालच्यांच्या सभागृहात जाईनात आणि खालचे वरच्यांच्या. शेवटी महिन्याच्या अखेरच्या दिवशी बैठक पुलाच्या मधोमध घेतली. खुर्च्या मांडल्या, दोन्हीकडची वाहनं अडली आणि भोंग्यांच्या गजरात चर्चा सुरू झाली.

"दोन्ही गावांची नावं जोडा," मेहुण्यांनी सुचवलं.

"आधी कुणाचं?" दोघेही एकदम म्हणाले.

"एक वर्ष यांचं आधी, एक वर्ष त्यांचं."

"पहिल्या वर्षी कुणाचं?"

"मग नदीचं नाव द्या."

इथे जरा आशा वाटली. पण नदीला वरच्या गावात एक नाव होतं आणि खालच्या गावात दुसरं. मेहुणे तिथेच लहानाचे मोठे झालेले असून त्यांना हे माहीत नव्हतं. ते तिला आजवर नदीच म्हणत आले होते.

"नाणं उडवू या," ते अगतिक होऊन म्हणाले.

"उडवणार कोण?" बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही तर गादीवाल्यांचे मेहुणे. त्यांचा कारखाना कुठल्या काठावर आहे?"

"आमच्या काठावर आहे म्हणून काय झालं?" नगराध्यक्ष डोळे पुसत म्हणाले.

अडकलेल्या गाड्यांतून खेळाडू उतरून आले होते. ताडमाड आणि ठेंगणा शेजारी शेजारी कठड्यावर बसले होते. ठेंगणा ओरडला, "अहो, काहीही नाव द्या! डुलकीपेक्षा वाईट काय असणार आहे?" तेव्हा दोन्ही अध्यक्षांचं त्या दिवसातलं एकमेव एकमत झालं, की खेळाडूंनी मधे बोलू नये.

वरच्या गावच्या मनोऱ्यावर पाचचे ठोके पडले. मेहुण्यांनी संघटनेला फोन लावला. साहेब म्हणाले, वेळ संपली.

"आमच्या घड्याळात अजून अवकाश आहे," बाई म्हणाल्या. आणि खरंच, खालच्या गावचा मनोरा अजून गप्प होता. तो वाजेपर्यंत त्यांनी आणखी थोडं भांडून घेतलं.

शेवटच्या मॅचला ज्यांना हरवलं होतं तेच पहिल्या श्रेणीत गेले. खिडकीला राजधानीत एका क्लबाने राखीव गोलरक्षक म्हणून नेलं, पेन्शनर एकदाचा खराखुरा निवृत्त झाला, आणि बाकीची पोरं पांगली. भाऊजींनी मेहुण्यांना गाद्यांच्या दुकानात बसायला सांगितलं. मेहुणे नको म्हणाले आणि खालच्या गावात टायरच्या दुकानावर एक खोली घेऊन राहायला गेले. ताईने निघताना नियमांचं पुस्तक त्यांच्या पिशवीत घातलं. "माझं पाठ झालंय," म्हणाली.

त्या वर्षी दोन्ही गावांनी आपापला हौशी क्लब काढला, आपापल्या नावाचा. क्लब चालवलेला सबंध मुलखात एकच माणूस, म्हणून दोघेही मेहुण्यांकडे आले. मेहुण्यांनी खालच्यांना होकार दिला, कारण बाई आधी आल्या. मास्तर वरच्यांकडे गेले. दोन्ही संघ सुमार आहेत. पण मेहुण्यांना आता कोण कुठे उभं राहिलं की काय होतं ते दिसतं, आणि ते रविवारी पोरांवर ओरडतात तेव्हा पोरं ऐकतात. मॅच संपली की ते आणि मास्तर टपरीवर चहा पितात. बोलायचं काम मेहुण्यांचं.

मधे एकदा, दोन्ही क्लबांची मॅच चालू असताना, मैदानाच्या कुंपणाशी भाऊजी दिसले. मोटार त्यांनी लांब, झाडाआड लावली होती.

"इकडे एका दुकानदाराकडे आलो होतो," विचारलं नसताना त्यांनी सांगितलं. "किती झालेत?"

"शून्य शून्य."

"अस्सं."

मेहुण्यांना वाटलं, आता जातील. भाऊजी गेले नाहीत. ऊन चढलं, त्यांनी रुमाल डोक्यावर घेतला, तरी ते कुंपणाला धरून उभेच. जरा वेळाने एक पोरगा चेंडू घेऊन सुसाट निघाला तेव्हा भाऊजी टाचा उंचावून, मुठी आवळून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडले, "मार! अरे मार ना, बघतोस काय!"

पोरगा समोरच्या संघाचा होता. मेहुण्यांनी सरकून कुंपणाशी भाऊजींना जरा जागा करून दिली.